वई, गोठा आणि उकिरडा : माळव्यातील लहान शेतीच्या इतिहासाचे एक पान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर याच शाळेच्या बाकावर मी बसलो आहे. त्यांच्या नावाने बोलण्याचा मान वयाची पंचाहत्तरी गाठताना मिळावा, याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. माझे आयुष्य मराठी साहित्य शिकविण्यात गेले. तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा होळकरकालीन कागदपत्रांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मी आज उकिरड्यावर बोलणार आहे. विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले दिसते. ते उमटावे अशीच माझी इच्छा होती, कारण त्या स्मितातच या विषयाचा अर्धा इतिहास दडलेला आहे.

१९६२ च्या सुमाराची गोष्ट असावी. गुरुजी आम्हां मुलांना शेतकी महाविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारात पायी घेऊन गेले. राजवाडा नाही, लालबाग नाही. शेत आणि गोठे पाहायला! आम्ही हिरमुसलो होतो. तेथे एका झाडाखाली उभे राहून त्यांनी प्रश्न केला, "उकिरडा हा शब्द चांगला की वाईट?" वर्गात हशा पिकला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "आपल्या गावाचे नाव जगातल्या शेतकऱ्यांना माहीत आहे, ते होळकरांच्या तलवारीमुळे नव्हे, तर येथल्या उकिरड्यामुळे." त्या वाक्यामागचा इतिहास समजून घेण्यास मला पुढे कित्येक वर्षे लागली. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

भाषेच्या अभ्यासकाला शब्दांपासून आरंभ करण्याची खोड असते. 'उकिरडा' या शब्दाशी आपण कसे वागलो आहोत, ते पाहा. गाढव उकिरडे फुंकते. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, म्हणजे तोवर त्याच्याइतके दैवहीन काही नाही. कुंपणाची अवस्थाही फारशी बरी नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि विश्वासघात सांगायचा तर कुंपणानेच शेत खाल्ले. काट्याकुट्यांच्या कुंपणाला मराठीत 'वई' असा गोड शब्द आहे. इकडे माळव्यात तिला 'बागड' म्हणतात. गोठ्याच्या संदर्भात मात्र भाषा हळवी होते. दावण, गव्हाण, वैरण, आंबोण, गोधूळ ही शब्दसंपदा एका घराची आहे. केवळ जनावरे बांधण्याच्या जागेची नव्हे. वई, गोठा आणि उकिरडा या तीन गोष्टी आपण तीन निरनिराळ्या भावनांनी पाहिल्या. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ती एकाच साखळीची तीन कडी होती. एक कडी निखळली की उरलेली दोन आपोआप निखळतात, हे माझ्या आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

आमचे घर इंदूरपासून देवासच्या वाटेवरच्या एका खेड्यात होते. जमीन चौदा बिघे, काळी, माळव्याची. एक बैलजोडी, एक गाय, एक म्हैस, त्यांची वासरे-पारडे आणि दोन शेळ्या, एवढे आमचे पशुधन. बैल माळवी जातीचे होते. पांढुरके, अंगाने आटोपशीर आणि चिखलाच्या वाटेवर न कुरकुरता गाडी ओढणारे. निमाडातले नातेवाईक येत, तेव्हा आपल्या तांबड्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या निमाडी बैलांचा बडेजाव सांगत आणि मग रात्री उशिरापर्यंत दोन्ही जातींची तुलना चाले.

दिवस पहाटे चारला सुरू होई आणि तो आईचा दिवस असे. ती प्रथम गोठ्यात जाई. शेण पाटीत भरायचे, ओली जागा झाडायची, गव्हाणीतला उष्टा कडबा बाजूला काढायचा, मग सरकी-पेंडीचे आंबोण ठेवून धारेला बसायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कडबा तोडून ठेवीत. उजाडता उजाडता बैल जुंपले जात. उन्हाळ्यात वखर, पावसानंतर पेरणी, हिवाळ्यात मोट. ऋतूप्रमाणे काम बदलले तरी वेळ बदलत नसे. आमच्याकडे एक जुने हाली होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. दिवसभर ते अण्णांबरोबर राबत आणि संध्याकाळी गोधुळीच्या वेळी गुरे परतली की प्रत्येकाच्या मानेवर हात फिरवून मगच आपल्या घरी जात. एखादे जनावर अबोल वाटले तर ते काकांना प्रथम कळे. पोळ्याला बैलांना पुरणपोळीचा घास, वसुबारसेला गाय-वासराची पूजा आणि दिवाळीच्या पाडव्याला माळव्याच्या रीतीप्रमाणे गोवर्धन, असे आमचे सण दोन प्रांतांत विभागलेले होते. देव मात्र एकाच गोठ्यात होते.

हे वर्णन करताना मी सावध आहे. गतकाळाला सोन्याचा मुलामा देण्याची वृत्ती आपल्या ललित लेखनात बळावली आहे. आईच्या तळहातांना थंडीत भेगा पडत, त्यांत शेण जाई आणि ती रात्री मेण लावून बसे. हाली काकांना सालाचे धान्य आणि थोडे पैसे मिळत. त्यांच्या मालकीची एक पावलाएवढीही जमीन नव्हती. ज्या व्यवस्थेचे मी गुण सांगणार आहे, ती या दोघांच्या पाठीवर उभी होती, हे विसरून केलेला इतिहास खोटा ठरेल.

आता वईकडे वळतो. आमच्या शेताच्या तीन बाजूंना जिवंत वई होती. थोर, बोर, बाभूळ, मधूनमधून करवंद आणि सागरगोटे यांची ती दाट भिंत होती. पावसाळ्यात तिच्यावर कारली, तोंडली आणि घोसाळी यांचे वेल चढत. माघ-फाल्गुनात अण्णा आणि काका तिची छाटणी करीत. काटेरी फांद्या वईच्या खिंडारांत रोवल्या जात. जाड काटक्या सरपणासाठी घरी येत. बोरीचा पाला शेळ्यांना मिळे. म्हणजे एकच वई शेत राखी, चूल पेटवी, शेळ्या पोशी आणि ताटात भाजीही वाढी. मुंगसे, साळुंक्या, सरडे आणि क्वचित एखादा साप हे तिचे भाडेकरू होते.

वईचा इतिहास मात्र नेहमी असा सौम्य नाही. आपल्या शेजारच्या निमाडातून एकेकाळी एक फार मोठी वई गेली होती, हे आज किती जणांना माहीत आहे? एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये, म्हणून देशाच्या पोटातून एक जकातीची रेषा आखली. सिंधू नदीच्या बाजूने निघून दिल्ली, आग्रा, झाशी असे करीत ती बऱ्हाणपूरच्या परिसरापर्यंत उतरली होती. या रेषेवर शेकडो मैल काटेरी कुंपण उभारले गेले. प्रथम ते वाळक्या काट्यांचे होते. १८६७ ते १८७० या काळात ॲलन ह्यूम या खात्याचे आयुक्त होते. त्यांनी त्या जागी जिवंत झाडे लावण्यावर भर दिला. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या संस्थापकांत गणले गेले. बाभूळ, करवंद, निवडुंग आणि थोर ही त्या कुंपणातली झाडे होती. म्हणजे आमच्या शेताच्या वईतलीच बरीचशी! काही ठिकाणी ते दहा-बारा फूट उंच वाढले आणि हजारो पहारेकरी त्यावर रात्रंदिवस गस्त घालीत. १८७९ मध्ये ती जकातरेषा रद्द झाली. त्यानंतर ते कुंपण लोकांनी तोडले, जाळले, नांगरले आणि इतके विसरले, की २००१ मध्ये रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने त्याच्या शोधावर पुस्तक लिहिले, तेव्हा अनेक इतिहासकारांनाही ते नवलाचे वाटले.

शेतकऱ्याने लावलेली वई गुरांना पिकापासून दूर ठेवते. सरकारने लावलेली ती वई माणसांना मिठापासून दूर ठेवीत होती. झाडे तीच, काटे तेच. फरक होता तो कुंपण कोणासाठी घातले याचा. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण मला त्या कुंपणाच्या संदर्भात जितकी खरी वाटते, तितकी इतरत्र कोठेही वाटत नाही.

आता गुरुजींच्या त्या वाक्याकडे येतो. १९२४ मध्ये इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संशोधनसंस्था स्थापन झाली. महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली; कापूस सुधारणेसाठी नेमलेल्या मध्यवर्ती समितीने आणि मध्य भारतातील काही संस्थानांनी पैसा पुरविला. संचालक म्हणून आले अल्बर्ट हॉवर्ड. हे १८७३ साली इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५ मध्ये ते बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीत आले आणि तेथे गव्हाच्या सुधारित जातींमुळे त्यांचे नाव झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजच्या विदुषी होत्या आणि त्या सर्व संशोधनात बरोबरीच्या सहकारी होत्या. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला.

हॉवर्ड यांचा मुद्दा साधा होता. पीक निराळे, माती निराळी, जनावर निराळे असे तुकडे करून शेती समजत नाही. जी जमीन आपल्याकडून घेतलेले सर्व परत मिळविते, ती निरोगी राहते. तिच्यावरचे पीक आणि ते खाणारे जनावरही निरोगी राहते. पुसा येथील आपल्या बैलांविषयी त्यांनी एक नोंद करून ठेवली आहे. शेजारच्या मोठ्या गोठ्यांत लाळ-खुरकताची साथ वारंवार येई. दोन्ही जागांमध्ये होते ते एक ठेंगणे कुंपण. त्यावरून हॉवर्ड यांचे बैल आजारी गुरांच्या नाकाला नाक लावीत, तरी त्यांना रोग झाला नाही. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष आजच्या पशुवैद्यकास मान्य होणार नाही. लाळ-खुरकत हा विषाणूचा रोग आहे आणि त्यावर लसच टोचली पाहिजे, याविषयी शेतकरी बांधवांनी मनात शंका ठेवू नये. परंतु त्या ठेंगण्या वईवरून एकमेकांना हुंगणारे ते बैल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एका माणसाने प्रयोगशाळेबाहेर येऊन इतक्या जवळून गुरे पाहिली, हेही काही थोडे नव्हे.

इंदुरात त्यांनी जी खतपद्धती बसविली, तिला जगाने 'इंदूर पद्धती' हे नाव दिले. तिची कृती अशी. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा घ्यायचा. त्यात शेतातला सर्व काडीकचरा घालायचा : पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण आणि झाडांचा पाला. कठीण पऱ्हाट्या आधी शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या फुकटात चुरडल्या जात. हा कचरा गुरांखाली अंथरायचा. मग शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र शोषलेली माती यांच्याबरोबर त्याचे थर रचायचे आणि पाणी शिंपडायचे. आतली उष्णता सुरुवातीस ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. पहिल्या दोन महिन्यांत ठराविक अंतराने तीनदा वरखाली करायचे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार! पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचायचे. या रीतीने ४० बैलांच्या गोठ्यातून वर्षाला सुमारे १,००० गाड्या खत निघे. म्हणजे एका जोडीमागे ५० गाड्या! आमच्या अण्णांच्या उकिरड्यातून, जनावरे जोडीहून अधिक असतानाही, वर्षाकाठी बारा-पंधरा गाड्याच निघत. हा आकडा गुरुजींनी सांगितला, तेव्हा मी घरी येऊन तो अण्णांना मोठ्या ऐटीत ऐकविला होता.

हॉवर्ड यांचा हा ग्रंथ १९३१ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. रसायनाची बाजू सांभाळणारे वाड हे त्या प्रयोगांतले हॉवर्ड यांचे प्रमुख सहकारी होते. पुढे हॉवर्ड यांना १९३४ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. १९४० मध्ये त्यांचा दुसरा ग्रंथ निघाला आणि सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या चळवळीने त्यांना आद्यपुरुष मानले. केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत इंदुरी खड्डे पोहोचले. वाड यांचे नाव मात्र इंदुरातल्या मराठी मंडळींनाही आठवत नाही. आपल्या शहरात चौकांना आणि रस्त्यांना नावे देण्याची हौस दांडगी आहे. या नावाची आठवण कोणी ठेवील काय, असा प्रश्न मी या व्यासपीठावरून नम्रपणे विचारून ठेवतो.

१९३५ च्या एप्रिल महिन्यात महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदुरास आले होते. भाषेच्या त्या उत्सवातून वेळ काढून ते या संस्थेत खतपद्धती पाहावयास गेले. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष उकिरडा पाहायला जातो, ही घटना मला साहित्याचा विद्यार्थी म्हणून फार मोलाची वाटते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हे ज्ञान कोणाचे? हॉवर्ड स्वतः प्रामाणिक होते. भारतीय शेतकरी आणि पिकांवरची कीड यांनाच आपण गुरू केले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. चीन आणि जपानमधील शेतीवर १९११ मध्ये निघालेल्या किंग यांच्या ग्रंथाचे ऋणही त्यांनी मानले. आपल्याकडे 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात माघात शेणाचा ढीग उपसावा, वाळवावा आणि फाल्गुनात शेतातील खड्ड्यांत पुरावा, असा विधी आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये डोंगरांवरचा पालापाचोळा आणि गुरांच्या मलमूत्राचा कस पावसाबरोबर शेतात उतरतो, हे नेमकेपणाने ओळखले होते. जंगलखात्याने गुरांना चराई बंद केल्याने शेतकरी कसा नागवला गेला, हे त्यांनी पोटतिडकीने सांगितले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. खेड्यातल्या जनावरांचा आणि माणसांचा परस्परसंबंध त्यात जागोजाग उघड होतो. म्हणजे ज्ञान होते. मात्र ते विखुरलेले होते. आणि ते मोजून, मापून, पुन्हा पुन्हा तपासून एका कृतीत बसविण्याचे काम इंदुरात झाले. श्रेय दोन्हीकडे आहे. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, हा एक भ्रम. आणि साहेबाने येऊन शिकविले, हा दुसरा.

अण्णांनी माझे ऐकून गोठ्यात कोरडी माती पसरण्यास सुरुवात केली. तीन-चार महिन्यांनी ती मुरलेली माती खरवडून ते उकिरड्यात टाकू लागले, आणि दुसऱ्या वर्षी गाड्यांची संख्या वाढली. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या साहेबाने लिहून ठेवले हे बरे झाले. तुझे आजोबा हेच सांगत असत. पण त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून मी ऐकले नाही."

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. या व्याख्यानाचे निमंत्रण स्वीकारताना मनाशी ठरविले होते की ती द्यायची. १९७३ मध्ये मी प्राध्यापक झालो. पुढच्या वर्षी साठलेल्या पगारातून अण्णांना काहीतरी भारी द्यावे, असे मनाने घेतले. मी काटेरी तार आणि लोखंडी खांब आणले. वई विस्कळीत दिसते, तिच्यात साप असतात आणि ती दोन्ही बाजूंची मिळून बरीच जमीन अडवते, असे माझे युक्तिवाद होते. ते खोटेही नव्हते. त्याखेरीज एक कारण मी बोललो नव्हतो. माझे नवे सहकारी घरी येणार होते आणि त्यांना आमचे शेत नीटनेटके दिसावे, अशी माझी इच्छा होती. अण्णा काही वेळ वईकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "तू आणलीस ना, मग लावू." हाली काका मात्र म्हणाले, "मालक, तारेला पाला फुटत नाही." त्या वाक्यावर मी हसलो होतो.

त्यानंतर जे घडले ते एखाद्या प्रमेयासारखे क्रमाने घडले. वई तोडली त्या वर्षी सरपण विपुल झाले. दुसऱ्या वर्षापासून ते संपले. आईच्या चुलीला काटक्या मिळेनात, म्हणून तिने शेणाच्या गोवऱ्या थापण्यास सुरुवात केली. जे शेण उकिरड्यात जाई, ते चुलीत जाऊ लागले. बोरीचा पाला गेला, म्हणून शेळ्या विकल्या. उकिरडा निम्म्यावर आला. शेताला खत कमी पडले, म्हणून अण्णा युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीच्या रांगेत उभे राहिले. आणि त्याच सुमारास जगभर खनिज तेलाचे भाव भडकल्याने खतही महाग झाले होते. मी दिलेल्या भेटीची किंमत अण्णा अशी दरसाल चुकवीत राहिले. त्यांनी मला ते कधी बोलून दाखविले नाही. मीही ही साखळी तेव्हा जोडू शकलो नाही; मी पीएच.डी.च्या प्रबंधात मग्न होतो. ती जोडली गेली, ती अण्णांच्या पश्चात, हॉवर्ड-वाड यांचा ग्रंथ प्रथमच सलग वाचताना. शेण जाळणारा शेतकरी अडाणी असतो, असे शहरातला मनुष्य सहज म्हणतो. ते खरे नाही. सरपण नसले की शेण जाळावे लागते, आणि सरपण वईतून येते. आमच्या घरी ते मीच बंद केले होते.

माझ्या तारेलाच सर्व दोष द्यावा, असेही नाही. माळव्याच्या शेतीत त्या काळात मोठे स्थित्यंतर चालू होते. पूर्वी येथील पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पड ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर हिवाळी गहू घेत. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आले आणि झपाट्याने पसरले. १९८७ मध्ये त्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही इंदुरातच स्थापन झाले. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, मुले शिकली, पक्की घरे झाली. हे मी नाकारणार नाही. परंतु ज्या शेतांत सोयाबीनने ज्वारीला हटविले, तेथून कडबाही गेला. कडबा गेल्यावर बैल कशावर जगणार? ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठे रिकामे झाले आणि उकिरड्यांत प्लास्टिक दिसू लागले. आमची बैलजोडी १९८८ मध्ये विकली. त्या दिवशी हाली काका आले नाहीत. त्यांनी निरोपही पाठविला नाही. १९९६ मध्ये भावंडांच्या संमतीने जमीन विकली. आज तेथे वसाहत आहे, आणि तिच्या भिंतीवर पुन्हा काटेरी तारच आहे.

सुहृदहो, मी निराशेचा सूर लावणार नाही. इंदूर पद्धतीचा धागा तुटलेला नाही. विदर्भातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या हौदात थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची युक्ती बसविली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर गेली. जेथे गुरे कमी झाली आहेत, तेथे हीच पद्धती उपयोगाची आहे. आणि आपले हे शहर? २०१७ पासून देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे इंदुराने पहिला क्रमांक राखला. घराघरांतून ओला कचरा निराळा घेतला जातो. २०२२ च्या फेब्रुवारीत येथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत करणारा प्रकल्प सुरू झाला. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत येते, तेव्हा मी स्वतः खाली उतरून हिरव्या डब्यातला कचरा देतो. शेजारच्या तरुणांना त्याचे नवल वाटते. त्यांना कसे सांगू, की हा शंभर वर्षांपूर्वी याच गावात मांडलेल्या विचाराचा नवा अवतार आहे : निसर्गात टाकाऊ असे काही नसते!

तरीही एक फरक सांगणे अगत्याचे आहे. यंत्राने खत होईल, वायू होईल. पण कोणत्या गाईने आज वैरण सोडली, वईला कोठे खिंडार पडले, चुलीसाठी किती काटक्या उरल्या, हे सर्व एका नजरेत पाहणारा मनुष्य यंत्र घडवू शकत नाही. लहान शेतीने घडविलेले सर्वांत मोलाचे पीक म्हणजे ती नजर होती. ती आईजवळ होती, अण्णांजवळ होती आणि ज्यांच्या नावे सातबारा कधी निघाला नाही, त्या हाली काकांजवळ सर्वांत अधिक होती. यांपैकी कोणीही ग्रंथ लिहिला नाही. म्हणून ज्याला लिहिता येते, त्याच्यावर ऋण राहते.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या आजी-आजोबांपैकी कोणी शेत कसलेले असेल, तर त्यांच्याजवळ बसा. वईत कोणती झाडे होती, गुरांची नावे काय होती, राख कोठे टाकीत, असे क्षुल्लक वाटणारे प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत उतरवून घ्या. राजांच्या वंशावळी दप्तरांत सुरक्षित आहेत. या गोष्टींची दप्तरे मात्र आता थोडीच वर्षे आपल्यात आहेत.

शाळेच्या आवाराच्या मागच्या बाजूस लोखंडी तारेचे कुंपण आहे, ते येताना पाहिले. मुख्याध्यापकांची अनुमती असेल, तर येत्या पावसाळ्यात त्या तारेच्या आतल्या बाजूने मेंदीची, करवंदाची आणि बोरीची रोपे लावण्याचा खर्च मी देऊ इच्छितो. तार काढावी असे मी म्हणत नाही. ती राहू द्या. रोपे वाढली की कालांतराने ती दिसेनाशी होईल. कोपऱ्यात एक खड्डाही असावा, आणि त्यावर पाटी लावायचीच असेल, तर तीवर दोन शब्द पुरेत : 'शाळेचा उकिरडा'.